बुधीमावशीची भिंत

बुधीमावशीने माझ्या जमिनीतली चिमूटभर माती उचलली, जिभेवर ठेवली, क्षणभर डोळे मिटले आणि पचकन थुंकून म्हणाली, "ही नाय चालनार. वरच्या बांधाची आना."

मी थक्क! आयुष्यभर कळंबोलीच्या लोखंड बाजारात कारकुनी केलेला माणूस मी. सळ्या, अँगल, पत्रे यांच्या पावत्या फाडण्यात केस पांढरे झालेले. अशा माणसाला पन्नाशीत मातीचं घर बांधायची हुक्की आली. माथेरानच्या डोंगराखाली, एसटी जिथे मागे वळते त्याच्याही पुढे, वडिलांची वीस गुंठे जागा पडून होती. नवीन पनवेलच्या फ्लॅटमधून उठून तिथे राहायचं, असं मी जाहीर केलं. माझी बायको सुनंदा शांतपणे म्हणाली, "एक पावसाळा राहून बघीन. भिंतीला आतून ओल आली, तर जागा विकायची आणि परत यायचं. मग पुन्हा विषय काढायचा नाही." दोन हजार अकरा सालची ही गोष्ट. माझं सगळं स्वप्न त्या एका ओलीवर टांगलेलं होतं.

बुधीमावशी शेजारच्या ठाकूरवाडीतली. दिवाळीनंतर वीटभट्टीवर, एरवी मिळेल त्या कामावर; त्या वर्षी मात्र भट्टी सोडून माझ्याकडे. अंगाने काटकुळी, आवाज मात्र डोंगराच्या पलीकडे जाईल असा. मला ती शेठ म्हणायची. "अहो, मी साधा कारकून," म्हटलं तर म्हणे, "घर बांदतो तो शेठच. मंग भले उपाशी मरंना."

घर कुडाचं. म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी माती, शेण, भाताचा तूस यांचा गारा लिंपायचा. हा गारा आठ दिवस भिजत ठेवायचा आणि रोज पायांनी तुडवायचा. तिसऱ्या दिवशी वास असा सुटला की सुनंदा पदर नाकाला लावून थेट एसटी स्टॉपवर जाऊन बसली. मावशी खूश. "वास आला म्हंजे माती जागी झाली," म्हणत तिने मलाही पँट वर करून गाऱ्यात उतरवलं. "तुमी नुसतं उभं रव्हा, शेठ. तुमच्या वजनानंच व्हईल काम."

आमचं वाजलं ते छपराच्या बांबूवरून. बांबू तोडायचा तो अमावास्येलाच, चांदण्यातला नको, त्याला किडा लागतो, हा तिचा नियम. मे महिना सरत आलेला, अमावास्येला अजून दहा-बारा दिवस. माझा धीर सुटला. मावशी एका लग्नाला गेली ती संधी साधून मी पनवेलच्या वखारीतून टेम्पोभर बांबू आणून टाकला. परत येऊन तिने विचारलं, "कवा तोडला?"

"अमावास्येला," मी ठोकून दिलं.

तिने एका बांबूवरून अंगठा फिरवला. "मंग त्या अमावास्येला चांदना पडला व्हता वाटतं."

बस्स. भांडण नाही, तंडण नाही. त्या बांबूला तिने हात लावला नाही. मी चिडलो, विनवण्या केल्या, पाऊस आला तर माझी बायको गेली असंही सांगून पाहिलं. "बाय कुटं जात नाय," एवढंच बोलून ती भिंती लिंपत राहिली. अमावास्या आली तोवर माझ्या ढिगाखाली पिवळ्या भुकटीच्या रांगोळ्या पडल्या होत्या. आता ही मला फाडून खाणार, म्हणून मी मान खाली घालून उभा. मावशी भुकटीकडे बघून म्हणाली, "चला, किडं जेवलं. आता आपन जेवू." आणि भाकरीचं फडकं सोडलं. मग वाडीतल्या चौघांना घेऊन तिने नवा बांबू तोडून आणला. शेवटचं कौल चढलं तेव्हा आभाळ भरून आलेलं होतं.

जुलैत तीन दिवस पावसाने नुसता धुडगूस घातला. ओढ्याला पूर, वीज गेलेली, वारा पश्चिमेच्या भिंतीवर धडका देत होता. सुनंदा तासातासाला भिंतीला हात लावून बघायची आणि मी सुनंदाच्या चेहऱ्याकडे. तिसऱ्या दुपारी दार वाजलं. डोक्यावर इरलं, कमरेपर्यंत चिखल, बुधीमावशी! आत आली ती थेट भिंतीकडे. पश्चिमेच्या भिंतीवरून तळवा फिरवत कोपऱ्यापर्यंत गेली, वाकून तळाशी चाचपलं. मग भिंतीला पाठ टेकून फतकल मारून बसली आणि म्हणाली, "कोरडी हाय. च्या टाक, बाय."

चहा देताना सुनंदाने विचारलं, "मावशी, तुमच्याकडे ठीक आहे ना सगळं?"

"आमच्यात? गळतंय की. पोरांना शेजारच्या घरात निजवलंय."

"अहो, मग तिकडचं सोडून इकडे काय आलात?"

"तिकडं काय बघायचा? ते गळनारच. जागा फारेस्टची. कवा उठवतील, नेम नाय. दोनदा उठवलाय. अशा जाग्यावर कोन भिंत लिंपतो? प्लास्टिक बरा, गुंडाळला का चालू पडायचा." तिने बशीतला चहा फुंकला. "ही माजी भिंत हाय. म्हनून बघाया आले."

मला तोंड वर करवेना. चार महिने ती माझ्याकडे राबली आणि तिचं स्वतःचं घर कसं आहे, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. सुनंदा तिच्या शेजारी, त्याच भिंतीला टेकून बसली. पोरांना घेऊन इथेच या, म्हणाली. मावशी हसून "हा, हा" म्हणाली आणि पाऊस जरा उघडताच निघून गेली. आली नाही.

फ्लॅट आम्ही त्याच वर्षी विकला. मावशी दोन-तीन वर्षांनी भट्टीवरच तापाने गेली. आम्हाला कळलं ते पंधरा दिवसांनी, आणि सुनंदा त्या दिवशी जेवली नाही.

शनिवार-रविवारी पाहुणे येतात, भिंतींवरून हात फिरवतात, फोटो काढतात. "काय सुंदर घर आहे हो तुमचं!" म्हणतात.

सुनंदा म्हणते, "जागा तेवढी आमची. घर बुधीमावशीचं."