म्हशीच्या वाट्याची भाकर

आष्टीच्या आसपास लग्नाची तारीख धरायची, तर आधी सर्जेराव आचाऱ्याला विचारत. नैवेद्याआधी अन्न चाखायचं नाही, म्हणून तीस वर्षं तो मीठसुद्धा वासावरच ओळखत आला. शहाण्णव साली औरंगाबादेत त्याला कॅन्सरची इंजेक्शनं सुरू झाली आणि तेच नाक त्याच्यावर उलटलं. शेजारच्या मालनबाईनं लसणाची फोडणी दिली की सर्जेराव इकडं ओकायला बादली जवळ ओढी.

वजन बेचाळीस किलोच्या खाली गेलं तर पुढचं इंजेक्शन मिळणार नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. काटा बेचाळीसवरच आला होता.

आजारी माणसाला गरमच द्यायचं, हा त्याच्या बायकोचा, गिरिजाबाईचा धर्म. वाफाळती खिचडी एका दारानं आत येई, सर्जेराव दुसऱ्या दारानं बाहेर जाई.

"लोकायला जन्मभर आग्रह करून वाढलं तुमी. आता दोन घास घ्या की."

"लोक ताटावरून काऊन पळत व्हते, ते आता कळून राह्यलं."

एकदा असाच पळून तो गोठ्यात जाऊन बसला. म्हशीच्या टोपल्यात रात्रीच्या भाकरी होत्या. एक उचलून हुंगली. गार भाकरीला वासच नव्हता. तुकडा मोडून तोंडात घोळवला, गिळला. पोट गप्प. अर्ध्या तासानं दुसरा तुकडा. दुपारपर्यंत अख्खी भाकर टिकली. पण शिळं वाढणाऱ्या आचाऱ्यांची त्यानं भर पंगतीत अब्रू काढलेली, सांगणार कुणाला?

चार दिवसांनी गिरिजाबाई मालनबाईच्या दारात.

"तुमचं कुत्रं आवरा. आमच्या म्हशीच्या भाकरी खाऊन राह्यलंय."

"आमचं कुत्रं शिळ्याला तोंड लावत न्हाई."

दुसऱ्या दिवशी गिरिजाबाई काठी घेऊन कडब्याआड दबा धरून बसली, आणि तोंडात घास असलेला नवरा सापडला.

"जनावराच्या तोंडचं खाता?"

"तिला विचारून खातो. गिरजे, हे आत टिकतंय."

काठी ठेवून तिनं बादली आणली आणि त्याच्या तोंडाकडं बघत बसून राहिली. बादली कोरडीच राहिली. त्या दिवसापासून ती संध्याकाळीच दोन भाकरी जास्त थापू लागली. मालनबाईला मात्र म्हैस गाभण आहे म्हणून सांगितलं.

महिन्यानं काटा त्रेचाळीसवर थांबला.

"काय खाऊ घातलंत?" डॉक्टरनं विचारलं.

"गरम खिचडी," गिरिजाबाई न अडखळता म्हणाली.

"छान. बाहेरच्या पेशंटनाही तेच सांगतो."

बाहेर बाकावर पाचजण आपापल्या पिशव्या मांडीवर धरून बसले होते. एकजण तिथंच ओकत होता. सर्जेरावानं बायकोकडं पाहिलं, मग खाली.

"खिचडी नगा सांगू साहेब. शिळी भाकर खाल्ली मी. म्हशीची."

गिरिजाबाईनं पदर तोंडाला लावला. डॉक्टरनं पेन उचललं.

"कशी, किती, केव्हा?"

सर्जेराव खुर्चीत सरसावून बसला. "लिहून घ्या. ज्वारी नवी पाहिजे. अन् वाढणाऱ्यानं आग्रह बिलकुल करायचा न्हाई."