दिवा वाढवा

कवडू भोयर दिव्याला फार मानायचा. देवापुढच्या नव्हे, तो त्याच्या बायकोकडे, गयाबाईकडे होता. कवडूचा दिवा म्हणजे मोटारीच्या डॅशबोर्डावरचा, शेंगदाण्याएवढा, इंजिनाच्या तेलाचा लाल दिवा. सुपेल्याच्या चौकाजवळ पत्र्याच्या शेडमध्ये तो गाड्यांचं वायरिंग करायचा. त्याचे दोघे भाऊ साकोलीकडची शेती सोडून इकडे हिंदी मुलखात, पोलादाच्या कारखान्यात लागले, हा एकटा बाहेर राहिला. "भट्टीपाशी मले गरम होते," म्हणायचा. हे तो मे महिन्यात, पत्र्याखाली बसून सांगायचा. मी कधी वाद घातला नाही.

मी कारखान्यात अधिकारी, सेक्टर दहात क्वार्टर, आणि माझ्याकडे कुणीतरी वापरून कंटाळलेली फियाट. त्या गाडीने मला इतक्या वेळा कवडूच्या दारात नेऊन उभं केलं की माझी बायको, प्रेमला, म्हणायची, "तुमची पत्रिका माझ्याशी उगीच जुळवली."

पहिल्याच भेटीत त्याने मला धडा दिला. "साहेब, किल्ली फिरवली का दिवा आला पाहिजे. इंजन लागलं का गेला पाहिजे. आलाच नाई, तर तो मेला हाय. गेला नाई, तर तेलाची बोंब हाय. दोन्ही खेपेले गाडी उभी." हा धडा तो डॉक्टरलाही द्यायचा आणि ट्रकवाल्यालाही. एकदा एक ठेकेदार आला. दिवा डोळ्यात खुपतो, तार तोडून टाक, म्हणाला. कवडूने त्याची किल्ली खिशात घातली, त्याला चहा पाजला आणि गाडी दुरुस्त होईपर्यंत किल्ली दिली नाही. ठेकेदार अर्धा तास ओरडला. कवडूने त्याला दुसरा चहा पाजला.

बॉनेटखाली वाकलेल्या माणसाला डॅशबोर्ड दिसत नाही. म्हणून त्याची मुलगी कौशल्या शाळा सुटली की गाडीत बसायची. पाय खाली पोचत नव्हते तेव्हापासून. कवडू आतून हाक मारायचा, "कौसल्या, पाहा वं." ती किल्ली फिरवायची आणि सगळ्या सुपेल्याला ऐकू जाईल असं ओरडायची, "आला!" मग इंजिन सुरू झालं की, "गेला!" पुढे मॅट्रिक झाली, शिवणाच्या क्लासला जाऊ लागली, तरी बापाचा डबा घेऊन आली की ही हाक चुकायची नाही. बापलेक एरवी फारसे बोलत नसत. त्यांचं बोलणं म्हणजे हे दोन शब्द.

पंच्याऐंशी साली कौशल्याचं लग्न ठरलं. मुलगा राजहऱ्याच्या खाणीत नोकरीला. कवडू माझ्याकडे आला, बसायला सांगितलं तरी उभाच राहिला. "साहेब, जिंदगीभर लोकायच्या गाड्या सुधरवल्या. मायापाशी सायकल हाय. पोरगी वऱ्हाडाच्या ट्रकात जाऊ नये, येवढंच वाटते." मी म्हटलं, "गाडी माझी, चालवणाराही मीच." त्याने मान हलवली आणि निघून गेला. इतक्या वर्षांत त्याने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

आणि लग्नाला चार दिवस असताना तो दिवा लागला. इंजिन सुरू, दिवाही सुरू. मी तेल पाहिलं, भरलेलं होतं. इंजिनाचा आवाजही रोजच्यासारखाच होता. दिवाच खोटा, असं मी ठरवून टाकलं, कारण ते मला सोयीचं होतं. कवडूला सांगितलं असतं तर त्याने गाडी उभीच केली असती. शिवाय लग्नघरातली कामं टाकून गाडीखाली शिरला असता. पोरीची पाठवणी ट्रकातून झाली असती आणि खापर माझ्या फियाटवर फुटलं असतं. त्यापेक्षा दिवाच बंद करावा, असा शहाणपणा मला सुचला.

प्रेमलाला सांगितलं तर ती एकदम तडकली. मला वाटलं, लपवाछपवीवरून. पण नाही. "लग्नाच्या गाडीचा दिवा विझवा, असं अभद्र बोलू नका. वाढवा म्हणा." आपल्याकडे दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवाही तसाच. मीही त्याच तालमीतला. कवडूच्या वस्तीत, कॅम्पात, एक मल्याळी मेकॅनिक होता, त्याच्याकडे लग्नाच्या सकाळी गाडी टाकली आणि घाईत सांगितलं, "ये लाल बत्ती बढ़ा दो." त्याने एकदा माझ्याकडे नीट पाहिलं. विचारलं, "पक्का बढ़ाना है?" मी म्हटलं, "पक्का. और गाड़ी सीधे कैंप-एक, मांडव में भेज दो."

गाडी वेळेवर आली. बायकांनी तिला झेंडूच्या माळा घातल्या. मी पंक्तीत वाढत होतो, गाडीत डोकावलोही नाही.

दिवस कलल्यावर पाठवणी झाली. कौशल्या आणि जावई मागे बसले. गयाबाई रडून रडून थकली होती. कवडू फेटा बांधून खिडकीशी उभा, कोरड्या डोळ्यांनी. मी किल्ली फिरवली आणि सगळी गाडी लाल झाली. माझे हात लाल, जावयाचा शर्ट लाल, कौशल्याच्या मुंडावळ्या लाल. त्या भल्या मेकॅनिकने मी सांगितलं तेच केलं होतं. बत्ती बढ़ाई होती, नवा होल्डर लावून ब्रेकलाइटचा बल्ब बसवला होता. मी घाबरून इंजिन सुरू केलं. दिवा गेला नाही.

"साहेब, इंजन बंद करा," कवडू म्हणाला. मग हळू विचारलं, "हा कवापासून लागून राहिला?"

"चार दिवस."

"मले कावून नाई सांगितलं?"

"तुझ्या पोरीचं लग्न होतं कवडू. म्हटलं, तुला कशाला घोर."

"मायीच पोरगी बसणार होती ना साहेब याच्यात," तो म्हणाला. एवढंच. मला फार लाज वाटली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

वऱ्हाडी कुरकुरू लागले. जावयाचे काका म्हणाले, ट्रकात बसवा नवरीला, राजहरा काय इथे आहे. कवडूने ऐकलं न ऐकलं केलं, फेटा काढून गयाबाईच्या हातात दिला आणि बॉनेट उघडलं. तेल पाहिलं. मग इंजिनाच्या बाजूची, तेलाच्या स्विचवरची तार काढून हातात धरली. "किल्ली फिरवा." दिवा लागला. "तार मायाजवळ हाय, तरी हा लागून राहिला. म्हणजे तार कोठीतरी बॉडीले टेकून हाय. आता हे सुधरवतो, मंग तेलाचं खरंखोटं पाहू." त्याने तार बोटांनी चाचपत नेली. एका पट्टीशी घासून तिचं प्लॅस्टिक सोललं होतं, नखाएवढं. मांडवाच्या लाइटवाल्याकडून काळी टेप घेतली, चार वेढे दिले, तार परत जोडली. दहा मिनिटांचं काम. चार दिवस मी त्याच्यापासून दहा मिनिटांचं काम लपवलं होतं.

स्टिअरिंगवर मी बसलो होतो. दिवा माझ्या नाकासमोर होता, इतका मोठा की रस्त्यावरूनही दिसावा. पण कवडूने बॉनेटखालून हाक मारली ती सवयीने.

"कौसल्या, पाहा वं."

मी किल्ली फिरवली. मागून शालू सावरत कौशल्या पुढे वाकली, आणि अख्ख्या कॅम्पाला ऐकू जाईल असं म्हणाली, "आला, बाबा!"

मी इंजिन सुरू केलं. लाल उजेड नाहीसा झाला. तेल बरोबर होतं, गाडी बरोबर होती, पोरगी गाडीतूनच जाणार होती. कवडू वाट पाहत होता. कौशल्या उघड्या बॉनेटकडे पाहत राहिली. मग म्हणाली, अगदी हळू.

"गेला."

त्याला ऐकू आलं असणार. पण बॉनेट खाली आलं नाही. इंजिन चालत राहिलं, काकांनी दोनदा घड्याळ पाहिलं, आणि कवडू आत वाकून त्या चार वेढ्यांवरून पुन्हा पुन्हा अंगठा फिरवत राहिला. त्याला घाई करायची कुणाची छाती झाली नाही. बऱ्याच वेळाने त्याने बॉनेट लावलं आणि तोंड दुसरीकडे करून मला म्हणाला, "न्या आता."