बायकांच्या वॉर्डातला एकच माठ

हिंगणघाटहून तार आली तेव्हा मी नागपूरच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत उद्याची पाने लावत होतो. डॉक्टर कमलताई गेली. माझी थोरली चुलत बहीण. तिच्या निधनाची बातमी मीच चार ओळींत लिहिली. तीत माठाचा उल्लेख नव्हता.

कापसाच्या जिनिंगचे मालक असलेल्या एका शेटजींनी धर्मादाय म्हणून काढलेला दवाखाना ताई चालवी. बायकांच्या वॉर्डात दाराशी दोन माठ असत. दुसरा कोणासाठी, हे सांगावे लागत नसे. धर्मांतरानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिने कौसल्याला आया म्हणून ठेवले. कौसल्याच्या घराने नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. ताईने दुसरा माठ काढून टाकला आणि पहिला कौसल्याकडूनच भरून घेतला. त्या सकाळी एकाही बाईने पाणी घेतले नाही. तक्रार शेटजींकडे गेली आणि ते स्वतः आले. दवाखाना लोकांसाठी आहे, लोकांच्या रीतीनेच चालेल. संध्याकाळपर्यंत दुसरा माठ परत ठेवा, नाहीतर वॉर्डाला कुलूप, असे त्यांनी आवाज न चढवता सांगितले. ताई म्हणाली, "लोक म्हणजे कोण कोण, ते एकदा ठरवून सांगा, शेटजी."

मी तेव्हा ताईकडेच राहत असे. दुपारी डबा घेऊन गेलो, तो तिने उघडलाच नाही. माठाजवळ स्टूल टाकून ती बसली होती, ओठ सुकलेले. समोरच्या खाटेवर समुद्रपूरकडची, पहाटे बाळंत झालेली कुणब्याची सून. घरून आणलेला पाण्याचा तांब्या केव्हाच संपला होता. सून पाणी मागत होती. सासू मात्र ताईकडे बघत होती.

"बाई, तुमी काऊन नाई पेऊन राह्यल्या?"

"वॉर्ड प्याला की पिईन."

ऊन व्हरांड्यात सरकले. शेटजींचा मुनीम कुलूप घेऊन फाटकाशी उभा राहिला. तेव्हा ती सासू उठली आणि कौसल्याला म्हणाली, "आन वं, दे इकडं. नाईतं हे डॉक्टरीण मरन, अन् पाप माया डोक्स्यावर बसन." तिने आधी सुनेला पाजले, मग स्वतः प्याली. पलीकडच्या खाटेवरून एक हात पुढे आला, मग दुसरा. पाणी कोणी पीत नाही, ही तक्रारच उरली नाही. मुनीम कुलूप घेऊन परत गेला. ताई सर्वांत शेवटी प्याली. शेटजींनी माठाचा विषय पुन्हा काढला नाही. मदतही थांबवली नाही.

गेल्या आठवड्यात तिचे सामान आणायला गेलो. माठ जागेवर होता, झाकणावर ताईचा पितळी पेला उपडा. कौसल्याने मला पाणी दिले. ऊन फार आहे, तूही घे, असे मी म्हटले.

"वार्डाचं होऊ द्या, भाऊ. मंग घेतो," ती म्हणाली आणि भरलेली कळशी घेऊन आत गेली.