नागानोची कोरडी हवा आणि आईच्या कुरडया

टोकियोहून निघतानाच माझं डोकं तापलं होतं. ओजिमातल्या आमच्या बाल्कनीत आईनं दोनदा कुरडया घातल्या आणि दोन्ही वेळा एप्रिलच्या पावसानं त्यांना बुरशी आणली. मला कुरडया शिकवायच्या म्हणून ती मुद्दाम पुण्याहून आली होती. सोऱ्या फिरवताना तिची मनगटं आता फार दुखतात. "ही शेवटची खेप गं, पुढं मला जमायचं नाही," असं तिनं आल्या दिवशीच सांगून टाकलं.

ऑफिसातल्या ओनो-सान म्हणाल्या, "नागानोला माझ्या आईकडे जा. तिथली हवा कोरडी आहे." झालं. गव्हाच्या चिकाचा डबा मांडीवर घेऊन मी आईसोबत ट्रेनमध्ये बसले.

डोंगरातलं ते गाव मला आवडलं, खोटं कशाला बोलू! आभाळ निळं, ऊन लख्ख, आणि तासाभरात ओठ फुटले. ओनो-सानच्या आईंनी गरम सोबा (कुट्टूच्या शेवया) खाऊ घातला. मग चीक शिजवून आम्ही अंगणात प्लास्टिकवर कुरडया घातल्या. आई दर चार कुरडयांनी थांबून मनगट दाबायची. संध्याकाळी मी प्लास्टिक आत ओढायला गेले, तर त्या आजी म्हणाल्या, "बाहेरच राहू दे."

सकाळी बघते तर सगळ्या कुरडया गोठून दगड झालेल्या, वर शिमोचा (गोठलेल्या दवाचा) थर. माझं टाळकंच फिरलं. ही कसली कोरडी हवा? आमच्याकडे कोरडं म्हणजे पाय भाजणारी गच्ची. दुपारी स्वेटर आणि पहाटे बर्फ, याला कोरडं म्हणतात होय? मी मोएरु गोमीची (जळणाऱ्या कचऱ्याची) पिशवी घेतली आणि कुरडया खरवडून आत कोंबायला लागले. त्यांचा पार भुगा होत होता. मागून आई हाका मारत होती, पण मी ऐकतेय कशाला!

निम्मं प्लास्टिक रिकामं झाल्यावर गमबूट घातलेल्या आजी धावत आल्या. त्यांनी माझा हात धरला.

"आमच्याकडे टोफूही असाच वाळवतात. रात्री गोठतो, दिवसा पाणी गळतं, मग वारा वाळवतो."

उरलेल्या कुरडया तिसऱ्या दिवशी खडखडीत वाळल्या. ओजिमात परतून तळल्या, तर कढईभर फुलल्या.

माझी धुसफूस चालूच होती. "गोठणार हे त्यांनी आधी सांगायला नको?"

"बाहेर राहू दे म्हणाली होती ना ती?" आई शांतपणे म्हणाली. "हवा चांगली होती गं. तुलाच दम नव्हता."

आई गेल्या आठवड्यात पुण्याला परतली. सोमवारी ओनो-साननी विचारलं, "हवा कशी वाटली?"

"छान होती," मी म्हटलं. मी काय केलं, ते काही त्यांना सांगवलं नाही. आईच्या हातच्या शेवटच्या कुरडया, आणि त्यातल्या निम्म्या मी कचऱ्यात घातल्या.