तनमोराचे एकवीस दिवस

आमच्या शीलाच्या नगरच्या कॉलेजातून फोन आला. मॅडमवर अंक काढतोय, घरच्या मानसानं चार शब्द लिहून द्या म्हनले. मी म्हनलं, चार कशाला, चारशे घ्या. मी सहादेव, तिचा थोरला भाऊ, नववी पास. दहावीचं इचारू नका.

शीला म्हंजी डॉक्टर सत्यशीला. इंजेक्शनवाली डॉक्टर न्हाई, ती तर गल्लोगल्ली हायेत. ही पुस्तकाची डॉक्टर. आमच्या नेवासा तालुक्यात अशी दुसरी दाखवा, मी मिशी काढतो. चौथीपत्तुर झेडपीची शाळा, पुढं रोज सायकलीवर नेवासा, मग नगरला बीएस्सी, पुन्याला एमएस्सी, आन् त्याच्यावर सात वर्सं पीएचडी. ती शिकत हुती तवा मी नागापूरला एमआयडीसीत पत्रा कापायच्या मशीनवर उभा हुतो. डाव्या करंगळीचं टोक तिथंच राह्यलं. तिच्या पीएचडीच्या पुस्तकात पैल्या पानावर माझं नाव छापलंय, आईच्याबी आदी. ज्याला खोटं वाटतं त्यानी घरी यावं, कपाटात वरच्या फळीवर हाय.

तिचा विषय लोकांना सांगायला मला पैल्यांदा अवघड जायचं. विषय असा का जीव संपतो कसा. एक मानूस न्हाई, एक जनावर न्हाई, अख्खी जातच्या जात. सुट्टीला आली का वही घेऊन म्हाताऱ्या मानसांच्या पुढ्यात बसायची. आमच्या आईला, मनकर्णाला, इचारायची, "आई, गिधाड शेवटचं कवा बघितलं?"

आई म्हनायची, "आपली तांबडी गाय मेली तवा. दहा-बारा उतरली हुती वढ्याला."

"आन् त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर म्हैस मेली. तवा नुसती कुत्री आली."

शीला ते लिहून घ्यायची. असे चारशे म्हातारे तिनं इचारले, पाच तालुक्यांत. मला वाटायचं ही गप्पा गोळा करती. एकदा मी इचारलंच, याचा उपेग काय? ती म्हनली, "दादा, जात संपते तेव्हा आवाज होत नाही. शेवटचे दहा-बारा उडत असतात, खात असतात, आपल्याला वाटतं आहेत की. पण ते आधीच संपलेले असतात. मादीला नर सापडत नाही, सापडला तर बसायला जागा नाही." हे ती जेवता जेवता सांगत हुती, भाकरी मोडत. त्याच्यानंतर कितीतरी दिवस मला वळचनीच्या चिमन्यांकडं बघवंना.

आमच्या गावाच्या उगवतीला माळ हाय. कुसळी गवताचा, सत्तर एकराच्या आसपास. त्यातली चार एकर माझी, मधोमध, बाकी सारी आप्पासाहेबांची आन् त्यांच्या भावकीची. तिथं पिकत काय न्हाई, म्हनून बारा वर्सं कुनी नांगर घातला नव्हता. आदल्या वर्सीच्या श्रावनात शीला तिथं तीन दिवस दुर्बिन लावून बसली. चौथ्या दिवशी घरी आली, चपलाबी काढल्या न्हाईत. मला गोठ्यात वढून नेलं.

"दादा, तनमोर आहे."

तनमोर म्हंजी कोंबडीएवढा पक्षी. नर काळा-पांढरा, डोक्यामागं बारीक पिसांची शेंडी. पावसाळ्यात मादीला दिसावं म्हनून गवतातून सरळ वर उडी मारतो, पुरुषभर उंच, आन् पुन्हा गवतात गडप. दिवसभर तेच. आमच्या आज्याच्या टायमाला माळावर लई हुते. शीला त्याला एकोनीस वर्सं हुडकत हुती आन् घावला कुठं, तर आपल्या माळावर.

"मादीने अंडी घातलीत, तीन. आजच बसलीय. एकवीस दिवस लागतात. पिल्लं बाहेर आली की ती त्यांना घेऊन चालायला लागते, मग भीती कमी. तोवर कोणाला बोलू नको. वहिनीलाही नाही. मी रोज आले तर लोक बघतील, म्हणून मी येणारच नाही."

"घरटं कुठंय?"

तिनं हात केला. "तिकडं. आप्पासाहेबांच्या बांधाकडं."

मी तिच्या डोक्यावर हात ठिवून शब्द दिला. आट दिवस पाळलाबी. सविता, माझी बायको, इचारायची, गप का तुमी, पोटात दुखतंय का? मी म्हनायचो, व्हय, दुखतंय.

नवव्या दिवशी गोरक्षच्या हाटेलात बसलो हुतो. आप्पासाहेब आले, संगं भावकीतली चार मानसं. बसता बसता म्हनले, "काय सहादेव, मॅडम माळाला दिसल्या. साप धराय आल्त्या का काय?"

गोरक्ष चहा गाळता गाळता म्हनला, "साप न्हाई आप्पा, चिमन्या मोजत्यात. सरकार पगार देतं त्याचा."

"चिमन्या तर आमची म्हातारीबी मोजती. तिला कवा सुरू हुनार पगार?"

सारे हसले. मला काय बी म्हना, मी ऐकून घेतो. पन शीलाला हसले, आन् माझं डोकं तापलं. म्हनलं, "तनमोर हाय त्यो! जिल्ह्यात कुनाला घावला न्हाई त्यो आपल्या माळाला हाय! अंडी घातल्यात, तीन! माझ्या बहिनीनं हुडकलंय, तुमच्या सात पिढ्यांत कुनाला जमलं का?"

कुनी हसलं न्हाई. आप्पासाहेबांनी बशी हळूच खाली ठिवली. "असं का," म्हनले. "चांगलं झालं की. गावाचं नाव निघंल." आन् उठताना माझ्या चहाचे पैसे दिले. आप्पासाहेबांनी जलमात मला कवा चहा पाजला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भावकीतली तिघं तलाठ्याकडं सातबारे काढाय गेली. मला कळलं तसा मी आप्पासाहेबांच्या वट्यावर गेलो. ते म्हनले, "बस. साडूची जमीन तिकडं दक्षिनेला हाय माझ्या. असाच एक पक्षी निघाला, अभयारन्यात गेली. हीर पाडता येईना, इकता येईना. पोरीचं लगीन तीन वर्सं लांबलं. तुझ्या बहिनीचा पक्षी चांगला असंल, मी कुटं न्हाई म्हनतो? पन मी यंदा ज्वारी करनार हाय माळाला."

"बारा वर्सं केली न्हाई."

"यंदा करायचीय. माती वाळून वाफसा आला का नांगर घालतो."

"दहा दिवस थांबा, आप्पा. माझ्या शब्दाखातर."

"तुझ्या शब्दामुळंच तर कळलं आमाला," म्हनले.

तवाच शीलाला फोन कराय पायजे हुता. न्हाई केला. वाटलं, गावात माझं वजन हाय, मी मिटवीन, तिला कशाला कळू द्यायचं. आन् बाराव्या दिवशी झड लागली. पावसात ट्रॅक्टर माळावर चालत न्हाई, चाकं रुततात. लोक म्हनत हुते कांद्याचं रोप सडलं, माझंबी सडत हुतं, आन् मी मनात म्हनत हुतो पड बाबा, पड. रोज सकाळी माळावर जाऊन मूठभर माती दाबून बघायचो. गोळा चिकट ऱ्हायला का बरं वाटायचं. परतताना आप्पासाहेबांचा पुतन्या भागवत भेटायचा. त्योबी मातीचा गोळा करून बघत असायचा.

सतराव्या दिवशी ऊन पडलं. आठराव्या दिवशी वारा सुटला. एकोनिसाव्या दिवशी सकाळी मी गोळा दाबला, बोट लावलं आन् त्यो भुगा झाला.

आट वाजता वीस ट्रॅक्टर आले. तवा मी शीलाला फोन लावला. मी काय बोललो आटवत न्हाई, ती "निघते" म्हनली आन् फोन ठिवला. मी पळत जाऊन आप्पासाहेबांच्या बांधाला गवतात उभा राह्यलो. भागवतनी ट्रॅक्टर माझ्या गुडघ्याला आनून टेकवला.

"तात्या, सरका. डिझेल जळतंय."

"भागवत, अंडी हायेत इथं. तुला शीलाआत्यानं शाळेत असताना कंपास आनला हुता, आटवतं का?"

"आटवतं. आत्याला म्हनावं अंडी नगरला न्या, तिकडं उबवा." त्यानी मागं घेतला आन् मला वळसा घातला. बाकीचेबी वळसा घालत गेले. मी हाललो न्हाई. नांगराच्या मागं कावळे, बगळे, गावची कुत्री. दहा वाजंपत्तुर सगळा माळ उलथा झाला. माझ्या पायाखाली अर्धा गुंठा गवत आन् मधली माझी चार एकर, तेवढंच हिरवं.

शीला आली. नांगराच्या ढेकळांतनं चालत आली. मी छाती काढून म्हनलं, "बघ, येवढं राखलं मी. कुनाच्या बापाला शिवू दिलं न्हाई."

तिनं माझ्या पायाकडं बघितलं. "दादा, घरटं इथं नव्हतं."

"मग?"

"तुझ्याच चार एकरात आहे. बाभळीच्या पलीकडं."

"मला का न्हाई सांगितलं?"

ती म्हनली, "आपल्याच रानात आहे म्हणून तू सगळ्या गावाला नेऊन दाखवलं असतंस."

दाखवलं असतं.

अंडी हुती. तीन, हिरवट, गवतात. पन मादी नव्हती. आमी लांब बांधाआड दिवसभर बसलो. तिसऱ्या प्रहरी ती एकदा दिसली, पार पलीकडच्या कडंला. मान उंच केली. मधी सारी उघडी काळी माती, त्यात कुत्री बसलेली. ती दोन पावलं आली, थांबली, आन् उडून गोदावरीच्या अंगाला गेली. शीला कुजबुजत हुती, "येईल. ऊन उतरलं की येईल."

आली न्हाई. दुसऱ्या दिवशी सकाळी शीलानं कुनाला तरी फोन करून परवानगी घेतली आन् अंडी उचलली. एक कानाला लावलं, मग माझ्या कानाला लावलं. आतून टकटक येत हुती. खरं सांगतो, आली. घरी सविताची कोंबडी खुडूक हुती, तिच्याखाली ठिवली. कोंबडीनं पंखाखाली घेतली. शीला तिथंच गोठ्यात बसून ऱ्हायली, जेवायला उठली न्हाई. एकविसावा दिवस गेला, बाविसावा गेला. तेविसाव्याला तिनं परत एकेक कानाला लावलं, आन् या खेपेला माझ्या कानाला लावलं न्हाई.

गोष्ट तिथं थांबली असती तर बरं हुतं. पुढच्या पावसाळ्यात ती शेवगावकडं एका माळाला गेली, तर आदल्या दिवशीच नांगरट झालेली. मग पाथर्डीकडं गेली, तिथंबी तेच. दुर्बिनवाली बाई आली का जमीन सरकारात जाती, ही गोष्ट गावोगाव झाली हुती. तिसऱ्या गावातून तर मलाच फोन आला. मानूस लई गोड बोलत हुता. "तुमच्या ताई आमच्या माळाला कवा येनार हायेत? तारीख सांगा की, तयारी ठिवायला."

मी म्हनलं, मला ठाव न्हाई. आन् मला खरंच ठाव न्हाई. शीला अजून येती, महिन्यातनं एकदा. गळ्यात दुर्बिन नसती. मी पानी देतो, समोर बसतो आन् इचारतो, "शीले, औंदा काय घावलं का कुटं?"

ती म्हनती, "कांद्याला काय भाव निघाला रे, दादा?"