रान उठवणारा आवाज

आई गेल्यावर बाबांना मी सिंगापूरला आणलं. तरुणपणी ते कोकणातल्या आमच्या गावात रानडुकरांच्या शिकारीला जायचे. बंदूक त्यांच्या हातात कधीच नसे. ओरडून रान उठवायचं आणि डुकराला बंदुकीकडे पिटाळायचं, हे त्यांचं काम. त्यांची आरोळी ऐकून डुक्कर जाळीत थांबत नसे, म्हणून मटणाचे वाटे घालताना त्यांना एक जास्तीचा मिळे. तोच आवाज आमच्या कॉन्डोत भिंतीपलीकडे जायचा. "बाबा, हळू बोला," हे माझं दिवसभर चालू असायचं.

इथे शिकार कुठली करणार? निदान चार दिवस झाडीत राहतील म्हणून मी समुद्राकाठी एक कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, भाड्याने घेतली. संध्याकाळी बाहेर खुर्च्या टाकून बसलो होतो, तर खरंच एक रानडुक्कर आलं आणि आमच्या कचऱ्याच्या पिशवीत तोंड घालून खाऊ लागलं.

बाबा उठले. छाती भरून त्यांनी ती जुनी आरोळी ठोकली. शेजारच्या कॅराव्हॅनमधली माणसं दचकून बाहेर आली. डुकराने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा पिशवीत घातली. बाबांची दुसरी आरोळी अर्ध्यातच फाटली आणि त्यांना खोकला आला.

"याला माणसाचं भयच नाही रे," म्हणत ते खाली बसले.

तेव्हापासून बाबा हळू बोलतात. "काय म्हणालात?" असं विचारलं की "काही नाही" म्हणतात, आणि तेही नीट ऐकू येत नाही.