वरची तिरकी ओळ

शहापूरच्या बाजारात माझा छापखाना होता. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत तिरक्या इंग्रजी अक्षराचे, म्हणजे इटॅलिकचे, छपाईचे चांगले शिशाचे खिळे आसपास फक्त माझ्याकडे होते. फुशारकी म्हणा हवं तर. लोकांना वाटायचं, उभं अक्षर कलंडलं की झालं तिरकं. डोंबल! त्याचा 'ए' निराळा, आणि 'एफ'ची शेपूट शेजारच्या खिळ्यावर रेलते. जरा जास्त आवळलं की मोडलीच. उभ्या इंग्रजीत छापलेली लग्नपत्रिका कोर्टाची नोटीस वाटते, तिरक्यात तीच ओळ लाडात येते. म्हणून पत्रिकेच्या माथ्यावर एक तिरकी इंग्रजी ओळ असायचीच. वाचत मात्र कुणी नसे.

वैशाखऱ्याकडच्या एका पाड्यावरून एक शेतकरी पुतणीच्या लग्नाचा मजकूर घेऊन आला. मुलीचा बाप वारलेला. निमंत्रक म्हणून सगळ्या चुलत्यांची नावं होती, आईचं नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाला, बाई, विधवेचं नाव पत्रिकेत घालत नाय. माझं डोकं सणकलं, पण पत्रिका त्याची.

दुसऱ्या दिवशी ती मुलगीच आली. नर्सिंग शिकलेली. बाप गेल्यावर आईनं मोळ्या आणि करवंदं विकून तिला शिकवलं होतं. चुलत्यांशी भांडावं तर लग्न मोडायची भीती, आणि आईचं नाव नसलेली पत्रिका वाटायला हिचा हात धजत नव्हता. बोलता बोलता रडलीच. मलाही राहवेना.

"वरची ओळ माझी," मी म्हटलं. "ती कुणी तपासत नाही."

त्या ओळीत मी आईचं नाव घातलं, पुढे, वधूची आई आपल्याला बोलावते आहे. खिळे स्वतः जुळवले, कारागिराला हात लावू दिला नाही. प्रूफ बघताना चुलत्यानं स्वतःचं नाव दोनदा वाचलं आणि वरच्या ओळीवर बोट फिरवून नक्षी झ्याक आलीय म्हणाला. मी म्हटलं, आलीच आहे.

त्यांच्याकडे पहिली पत्रिका गावदेवीपुढे ठेवून सगळ्या पाड्यासमोर वाचतात. देवीपुढे वाचलेलं मग बदलत नाहीत. मला बोलावणं होतं, मी गेले. चुलत्यानं मराठी मजकूर खणखणीत वाचला आणि भरात येऊन पत्रिका पुतणीच्या हातात दिली.

"ते वरचं इंग्रजीपन वाच गो. समद्यांना कळू दे."

'शुभ विवाह' म्हणून तिला वेळ मारून नेता आली असती. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि ती ओळ मराठीतून, आईच्या पूर्ण नावासकट वाचली. चुलता देवीकडे बघत राहिला.

बायकांच्या पार मागे, खांबाआड बसलेली आई तेवढी बोलली.

"परत वाच."